इद्रा: चाकांविना एक शनिवार-रविवार

आधीचे तीन आठवडे

आई लातूरहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे म्युनिकला आली तेव्हा तिची एकच मागणी होती, की जिथे नेशील तिथे गर्दी नको आणि धावपळ नको. पॅरिसमध्ये चार दिवस रांगांमध्ये उभे राहून आल्यावर ही मागणी अधिकच ठाम झाली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मला शुक्रवारची रजा मिळत होती, म्युनिक ते अथेन्स हे विमान अडीच तासांचे आहे, आणि आईचा शेंगेन व्हिसा ग्रीसलाही चालतो. त्यामुळे एखाद्या लहानशा ग्रीक बेटावर दोन रात्री निवांत राहून यावे असे ठरले.

बेट निवडणे मात्र सोपे नव्हते. सांतोरिनी आणि मिकोनोस ही नावे पहिल्याच दिवशी बाद झाली, कारण तिथे मोठमोठ्या क्रूझ जहाजांतून एकाच वेळी हजारो माणसे उतरतात. नाक्सोस मला मनापासून आवडते, पण पारंपरिक फेरीने तिथे पोहोचायला पाच तासांहून अधिक लागतात, आणि अवघ्या दोन रात्रींच्या सहलीतले दोन अर्धे दिवस बोटीत घालवण्यात अर्थ नव्हता. उरली ती अथेन्सच्या जवळच्या सरोनिक आखातातली बेटे: पिस्त्यांसाठी प्रसिद्ध असलेले एयिना, शेजारचे चिमुकले आगिस्त्री, पोरोस, इद्रा आणि स्पेत्सेस. एयिना सर्वांत सोयीचे होते, जलद बोटीने पाऊण तासाच्या आतच येते. पण रस्त्यांवर स्कूटरी आणि मोटारी आहेत. इद्रावर त्या नाहीत. इंग्रजी वळणाने आपण ज्याला हायड्रा म्हणतो, त्या या बेटावर खासगी मोटार, मोटारसायकल, इतकेच काय सायकलसुद्धा चालवता येत नाही. कचऱ्याची गाडी आणि आग विझवण्याची गाडी असे मोजके अपवाद सोडले, तर सगळी वाहतूक खेचरांवर, गाढवांवर, घोड्यांवर आणि माणसांच्या पाठीवर चालते.

"म्हणजे माथेरानच की," आई म्हणाली, आणि बेट ठरले.

नियोजनात मी तीन गोष्टींकडे विशेष लक्ष दिले. पहिली गोष्ट वारा. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा जोरात वाहतो. ऑक्टोबरात त्याचा जोर ओसरलेला असतो आणि सरोनिक आखात तसेही बरेच आडोशाला आहे. तरीही वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदर प्रशासन बोटींना बंदी घालते आणि सर्वांत आधी थांबतात त्या हलक्या, जलद बोटी. इद्राला तर फक्त प्रवासी वाहणाऱ्या याच बोटी जातात. म्हणून परतीसाठी रविवारची शेवटची बोट न घेता दुपारची घेतली आणि विमान रात्रीचे ठेवले. दुसरी गोष्ट पर्यायी मार्ग. इद्रासमोर पेलोपोनीसच्या किनाऱ्यावर मेतोखी नावाचा धक्का आहे. छोटी बोट तिथे साधारण अर्ध्या तासात पोहोचते आणि तिथून रस्त्याने अथेन्स गाठता येते. तो मार्ग मी कागदावर लिहून पाकिटात ठेवला. तिसरी गोष्ट म्हणजे आईचे गुडघे. मी घरमालकिणीला पत्राने विचारले की बंदरापासून घर किती दूर आहे. "पाच मिनिटे," असे उत्तर आले आणि मी निश्चिंत झाले. पायऱ्या किती आहेत, हे विचारायला हवे होते.

शुक्रवार

अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रोची निळी मार्गिका २०२२ पासून थेट पिरेयस बंदरापर्यंत जाते. प्रवास साधारण तासाभराचा आहे, सामान घेऊन गाडी बदलावी लागत नाही, आणि तिकीट प्रत्येकी ९ युरो पडले. पिरेयस हे बंदर इतके पसरलेले आहे की आपली बोट कोणत्या दारावरून सुटते हे आधी माहीत नसेल तर ती डोळ्यांदेखत निघून जाऊ शकते. सरोनिक बेटांच्या बोटी ई-८ या दाराजवळून सुटतात. मेट्रो स्थानकापासून तिथवर आम्ही रमतगमत, मध्ये एका बाकावर बसून, वीस मिनिटांत पोहोचलो.

जलद बोट आतून विमानासारखीच असते: बंद खिडक्या, ओळीने खुर्च्या, वाऱ्यात उभे राहायला डेक नाही. पोरोसला थांबून, दोन तासांहून थोड्या कमी वेळात ती इद्राला लागते. बेट बाहेरून अगदी उघडेबोडके, करड्या खडकांचे दिसते. दुष्काळातला बालाघाट समुद्रात आणून ठेवावा तसे. शेवटच्या क्षणी बोट वळते आणि घोड्याच्या नालेच्या आकाराचे बंदर उघडते. तिन्ही बाजूंनी चढत गेलेली दगडी आणि पांढरी घरे, मधोमध संगमरवरी घड्याळाचा मनोरा आणि धक्क्यावर, टॅक्सी जिथे उभ्या असायला हव्यात तिथे, लाकडी खोगिरे चढवलेली खेचरे.

घरमालकीण घ्यायला आली होती. आम्ही तिच्या मागे एका गल्लीत शिरलो, गल्ली वळली आणि समोर पायऱ्या सुरू झाल्या. माझ्याजवळ चार चाकांची ट्रॉली बॅग होती. जर्मनीतल्या गुळगुळीत फलाटांवर ती बोटाच्या धक्क्याने पळते. इथे गुळगुळीत झालेल्या दगडी पायऱ्यांवर ती निव्वळ सोळा किलोंचे ओझे झाली. तिसाव्या पायरीवर मी थांबले. घरमालकिणीने कोणाला तरी हाक मारली आणि दहा मिनिटांत एक माणूस खेचर घेऊन आला. त्याने बॅग एका बाजूला दोरीने आवळली, आईची पिशवी दुसऱ्या बाजूला बांधून तोल पाहिला आणि आईकडे बघून खोगिराकडे बोट केले.

"मी बसणार नाही," आईने मला मराठीत सांगितले. "माथेरानला तुझे बाबा इतकं म्हणाले तरी मी बसले नव्हते."

ती चालत चढली, प्रत्येक वळणावर थांबत. वर पोहोचल्यावर तिने पर्समधली हिशेबाची छोटी वही काढली आणि दोन ओळी लिहिल्या: खेचर, १५ युरो. पायऱ्या, ११२. पाच मिनिटांचे अंतर आम्हाला पस्तीस मिनिटे लागले होते. घरमालकीण खोटे बोलली असे मी म्हणणार नाही, कारण नंतर मी तिला तेच अंतर खरोखरच पाच मिनिटांत चढताना पाहिले.

संध्याकाळी जेवायला मात्र पुन्हा खाली उतरावे लागले. आई पूर्ण शाकाहारी आहे आणि मला तिच्या जेवणाची काळजी होती, ती अनाठायी ठरली. ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेत उपासाचे दिवस इतके आहेत की तिथल्या स्वयंपाकात मांसाहाराविना पदार्थांची कमतरता नाही. अशा उपासाच्या पदार्थांना निस्तिसिमो म्हणतात आणि हा शब्द पाठ करून ठेवावा. मात्र उपासाला ऑक्टोपस आणि कोळंबी चालते, त्यामुळे नुसत्या शब्दावर विसंबून राहू नये. आम्ही फावा मागवला. तो पिवळ्या डाळीचा घट्ट गोळा असतो आणि वर कच्चा कांदा व ऑलिव्हचे तेल असते. आईने त्याला "फोडणी द्यायची राहिलेलं वरण" म्हटले आणि दोनदा घेतले. होर्ता ही उकडलेली रानभाजी लिंबू पिळून येते. भात भरून भाजलेले टोमॅटो हे येमिस्ता. तेवढ्यावर जेवण झाले.

शेवटी आईने वेटरला खुणेनेच विचारले, चहा मिळेल का? तो हसून म्हणाला, "ने." आईचा चेहरा पडला. "नै म्हणतोय," ती म्हणाली. ग्रीक भाषेत ने म्हणजे हो आणि ओही म्हणजे नाही, हे समजावेपर्यंत डोंगरी वनस्पतीचा वाफाळता चहा तिच्या समोर आला होता.

शनिवार

पहाटे जाग आली ती टापांच्या आवाजाने. उजाडायला अजून वेळ होता. खिडकीखालच्या गल्लीतून चार खेचरे एकामागे एक चढत होती. पहिल्या तिघांवर सिमेंटच्या गोण्या होत्या आणि चौथ्यावर, चहूबाजूंनी गोधडीसारख्या जाड कापडात गुंडाळलेले, नवे कोरे कपडे धुण्याचे यंत्र. वळणावर गल्ली अरुंद आहे. खेचर तिथे आपणहून थांबले, मागच्या माणसाने यंत्राला खांदा लावून ते थोडे कलते केले, जिभेने टॉक् असा आवाज केला, आणि मगच खेचराने पुढचा पाय वरच्या पायरीवर ठेवला. त्या दोघांनी हे वळण किती वेळा घेतले असेल कोण जाणे. शब्द एकही खर्च झाला नाही.

मला तोपर्यंत या बेटाची शांतता म्हणजे मोटारींचे नसणे, एवढेच कळले होते. पण विटा, फ्रिज, गाद्या, पाण्याचे खोके, प्रवाशांच्या बॅगा, सगळेच इथे कोणाच्या तरी पाठीवरून वर जाते, आणि आपण ज्या शांततेसाठी पैसे मोजून येतो तिचे वजन ही जनावरे उचलतात. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर घोडेवाल्यांशी घासाघीस करताना हे कधी मनात आले नव्हते. खेचरे बरी दिसत होती, खोगिराखाली जाड घड्या होत्या; तरी नंतर दोन दिवस मी पाण्याची मोठी बाटली विकत घेताना जरा अडखळलेच.

पाण्याची गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी. या बेटाचे प्राचीन नाव हिद्रेआ, आणि ते पाण्यावरून आलेले आहे. ग्रीक हिदोर आणि आपले उदक हे शब्द एकाच मुळातले. नावावरून वाटते की पूर्वी इथे झरे असावेत; प्रत्यक्षात कैक वर्षे मुख्यभूमीवरून जहाजाने पाणी आणावे लागत असे आणि आता समुद्राचे पाणी गोडे करून वापरतात. मी हे सांगत असताना आई नेहमीपेक्षा लक्षपूर्वक ऐकत होती. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले तेव्हा ती तिथेच होती आणि आठवड्याचे पाणी कसे पुरवावे हे तिला वेगळे शिकवावे लागत नाही. त्या दोन दिवसांत तिने घरमालकिणीचा नळ कधीही पूर्ण सोडला नाही.

दहाच्या सुमारास आम्ही लाझारोस कुंतुरियोतिस यांचा पिवळसर रंगाचा वाडा पाहायला गेलो. तो आता संग्रहालय आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस या नापीक बेटावरचे दर्यावर्दी धान्याच्या व्यापारात श्रीमंत झाले. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात ब्रिटिशांची नाकेबंदी चुकवून माल पोहोचवणाऱ्यांना तर मागाल तो भाव मिळत होता. चाचेगिरीमुळे त्यांच्या व्यापारी जहाजांवर तोफा आधीपासूनच होत्या. १८२१ मध्ये ऑटोमन सत्तेविरुद्ध ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले तेव्हा हीच जहाजे आरमार झाली आणि कुंतुरियोतिस यांनी आपल्या संपत्तीचा फार मोठा भाग त्यात ओतला. या आरमाराचे नेतृत्व केले ते आंद्रेआस मियाउलिस यांनी. त्यांचे हृदय धक्क्याजवळच्या ऐतिहासिक संग्रहालयात एका कलशात जपून ठेवले आहे. आईने त्या कलशासमोर चप्पल काढावी की काय असा क्षणभर विचार केला, हे मी पाहिले.

मला स्वतःला युद्धापेक्षा वाड्यांच्या बांधणीत अधिक रस वाटला. बाहेरून ही घरे किल्ल्यासारखी राखाडी आणि बंद. आत थंड, दगडी फरशांचे अंगण आणि त्याखाली पावसाचे पाणी साठवायचे टाके. छपरावर पडलेला थेंबन् थेंब पन्हळींतून खाली उतरतो. शिवनेरीवर कातळात खोदलेली टाकी पाहिलेल्या माणसाला ही व्यवस्था सांगायला वाटाड्या लागत नाही.

दुपारी किनाऱ्याच्या वाटेने पश्चिमेकडे निघालो. ही वाट आईसाठीच केल्यासारखी आहे: रुंद, बहुतेक सपाट, उजव्या हाताला खाली समुद्र. स्पिलिया नावाच्या खडकांवर लोखंडी शिडीने उतरून मी पोहले. पाणी कोमट नव्हते, पण पुण्याच्या जलतरण तलावातल्या जानेवारीइतके गारही नव्हते, आणि इतके नितळ की दहा-बारा फूट खालचे दगड मोजता येत होते. आई वर कठड्यापाशी बसून दोन मांजरांना पाव घालत होती. ही मांजरे बेटभर आहेत.

पुढे वीस मिनिटांवर मासेमाऱ्यांची वस्ती लागते, तिचे नाव कामिनी. आईला याचे फार हसू आले, कारण तिच्या धाकट्या जावेचे नाव हेच आहे. ग्रीकमध्ये कामिनी म्हणजे भट्टी, हे कळल्यावर ती आणखीच हसली आणि ते जावेला सांगायचे की नाही यावर बराच विचार केला. इथल्या छोट्याशा बंदरात ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी रात्री ख्रिस्ताच्या शवपेटीचे फुलांनी मढवलेले प्रतीक खांद्यावर घेऊन माणसे कमरेइतक्या पाण्यात शिरतात, समुद्रावर गेलेल्यांसाठी प्रार्थना होते आणि ते प्रतीक परत किनाऱ्यावर आणतात. गणपतीला निरोप द्यायला पाण्यात शिरणाऱ्या माणसांमध्ये वाढलेल्या आम्ही दोघी त्या रिकाम्या किनाऱ्याकडे काही वेळ बघत राहिलो.

कॅनेडियन कवी आणि गायक लेनर्ड कोहेन यांनी १९६० मध्ये १५०० डॉलरांना या बेटावर घर घेतले होते, आणि त्यांच्या आठवणीचा दगडी बाक याच वाटेवर आहे. बरेच प्रवासी केवळ त्यासाठी येतात. आईने तो बाक आहे म्हणून नव्हे, तर गुडघे दुखत होते म्हणून वापरला.

व्लिखोसला दगडी कमानीचा जुना पूल आहे, गोट्यांचा छोटा किनारा आहे आणि चार-दोन खानावळी आहेत. आईने साडी पोटरीपर्यंत धरून पाय बुडवले. परत यायला जलटॅक्सी घेतली. तिचे भाडे माणशी नसते, अख्ख्या होडीचे असते, हे उतरताना समजण्यापेक्षा चढताना विचारलेले बरे. बंदरातल्या मिठाईच्या दुकानातून अमिग्दालोता घेतले. बदामाच्या पिठाचे, फुलांच्या अर्काचा वास असलेले, वर पिठीसाखर थापलेले हे गोळे इद्राची खासियत आहेत. आईच्या मते साखर जास्त होती. सहांपैकी चार तिने खाल्ले.

रात्री नऊनंतर वारा सुटला. बंदरातल्या होड्यांच्या डोलकाठ्यांवर दोर आपटण्याचा आवाज ११२ पायऱ्या वर आमच्या खोलीपर्यंत येत होता. मी पाकिटातला मेतोखीचा कागद काढून पुन्हा वाचला आणि उशाशी ठेवला.

रविवार

सकाळी वारा होता, पण बोटी बंद झाल्याची सूचना नव्हती. आई झोपलेली असताना मी एकटीच प्रोफिटिस इलियास मठाकडे निघाले. मठ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर, एरोस शिखराच्या जवळ आहे. गावातली शेवटची घरे मागे पडली की पाइनची झाडे लागतात, मग नागमोडी वळणांचा फरसबंद चढ आणि शेवटी पायऱ्या. मला तासाभरापेक्षा थोडे अधिक लागले. वर मोकळा वारा आणि खाली संपूर्ण बंदर, पलीकडे पेलोपोनीसचे डोंगर. गावातल्या चर्चची घंटा सुरू झाली. मग कुठेतरी एक गाढव ओरडले, दुसऱ्याने उत्तर दिले, आणि ते कोणत्या उतारावर उभे आहे हे इतक्या उंचीवरून बोट दाखवून सांगता आले असते.

खाली आले तेव्हा आई बंदरातल्या मोठ्या चर्चच्या अंगणात बसली होती. एकटी उतरून आली होती. हे चर्च मूळचे मठ असून १६४३ मध्ये त्याची स्थापना झाली; भिक्षूंच्या खोल्या असलेल्या ओवऱ्यांत आता नगरपालिकेची कार्यालये आहेत. प्रार्थना नुकतीच संपली होती. एका वयस्कर बाईंनी आईच्या हातात पावाचा तुकडा ठेवला होता आणि आईने तो प्रसाद म्हणून अर्धा माझ्यासाठी ठेवला होता.

"घर पाहून ये, काही राहिलं नाही ना," ती म्हणाली, "आणि येताना पायऱ्या मोज. मला उतरताना १११ भरल्या."

मी मोजल्या. बॅग उतरवण्यासाठी तोच खेचरवाला आला होता, त्यामुळे हात मोकळे होते. पण मधल्या एका वळणावर उंबरठा म्हणावा की पायरी, असा एक झिजलेला दगड आहे, आणि नेमके तिथे वरून दुसरे खेचर आल्याने मला भिंतीला चिकटून उभे राहावे लागले. आकडा चुकला.

बोट चाळीस मिनिटे उशिरा आली. धक्क्यावर कोणी तक्रार करीत नव्हते; एकाने कॉफी मागवली, दुसऱ्याने कोंबडा असलेला पिंजरा सावलीत सरकवला. बोट भरपूर हलली आणि पोरोस येईपर्यंत आईने डोळे मिटून सुपारी चघळली. मग समुद्र शांत झाला. तिने वही काढली, परतीच्या खेचराचे १५ युरो लिहिले, मिठाईचे लिहिले, जलटॅक्सीचे लिहून त्यापुढे कंसात "महाग" असे लिहिले. पायऱ्यांच्या ओळीपाशी तिने माझ्याकडे पाहिले. मी झिजलेल्या दगडाची हकीकत सांगितली. तिने ११२ खोडले नाही. शेजारी १११ लिहिले, दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह काढले आणि वही मिटली.